आपला रसग्रहणाचा निबंध आपणच कसा तपासावा

‘अजून खोलात जा’ हा शेरा मराठीच्या वहीत कधीच मिळाला नाही असा विद्यार्थी विरळा. मीही तो पुष्कळ वर्षं देत आले. एकदा बारावीतली एक मुलगी तपासलेली वही घेऊन आली आणि तिने सरळ विचारलं, “मॅडम, खोलात म्हणजे कुठे जायचं?” त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर तिला शेजारी बसवून तिचाच निबंध ओळीओळीने वाचला. कविता तिला कळली होती, भाषा बरी होती. आपण लिहिलेलं तपासायचं कसं, हे मात्र तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं. गणिताचं उत्तर आलं की ताळा करून बघायला आपण शिकवतो. निबंधाचा ताळा कसा करायचा हे सांगायचं राहून जातं.

तो ताळा मी इथे सांगते आहे. शाळेतल्या रसग्रहणापासून एम. ए.च्या समीक्षात्मक निबंधापर्यंत तो सारखाच चालतो, कारण त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आपल्या प्रत्येक वाक्यापुढे थांबून विचारायचं, “हे कशावरून?” उत्तर म्हणून साहित्यकृतीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवता आलं तर वाक्य राहील. नाही आलं तर ते बदलायचं किंवा काढायचं.

उदाहरणासाठी बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. आठच ओळींची कविता आहे, बहुतेकांच्या वाचनात कधी ना कधी आलेली असते, आणि ती सोपी वाटते म्हणूनच तिच्यावरचे निबंध घसरतात. पुढचं वाचताना कविता समोर उघडी ठेवा.

आधी वही मिटून ठेवा

लिहून झाल्याझाल्या तपासायला बसू नका. तेव्हा आपल्याला काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं, त्यामुळे कागदावर जे नाही तेही दिसतं. निदान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी आधी मूळ कविता मोठ्याने वाचा आणि मगच निबंध, तोही मोठ्याने. जिथे जीभ अडखळते किंवा श्वास पुरत नाही तिथे पेन्सिलने बारीक खूण करा, पण दुरुस्ती इतक्यात नको. मोबाइलवर किंवा संगणकावर लिहिलं असेल तर जमल्यास प्रिंट काढा. पडद्यावर आपण आपलं लेखन वरवर चाळतो, कागदावर हात थांबतो.

माझं म्हणणं एका वाक्यात काय आहे?

आता निबंध बाजूला ठेवून एका कोऱ्या चिठ्ठीवर फक्त एक वाक्य लिहा, की या कवितेबद्दल मला काय म्हणायचं आहे. निबंधात न बघता लिहा. लिहिता आलं नाही तर निबंधात अजून मुद्दा नाही, नुसती माहिती आहे, असं समजा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचं असंच असतं.

वाक्य लिहिता आलं तर त्याची परीक्षा घ्या. ‘बालकवींनी निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य घ्या. याला कुणी नाही म्हणेल का? नाही म्हणणार. मग ते सिद्ध करायला तीन पानं कशाला हवीत? शिवाय हे वाक्य उचलून बालकवींच्या दुसऱ्या कुठल्याही निसर्गकवितेच्या निबंधात ठेवलं तरी तिथेही चपखल बसेल. जे वाक्य कुठेही बसतं ते या कवितेचं नसतं.

‘औदुंबर ही उदासीची कविता आहे’ हे त्याहून बरं. इथे वाद घालता येतो. एखादा म्हणेल, अहो, हिरवाळी आहे, झरा आहे, चिमुकलं गाव आहे, उदासी आली कुठून? असा प्रश्न यायला जागा आहे म्हणजे निबंधाला काम आहे. पण हे वाक्य अजून ढोबळ आहे. उदासी कुठल्या शब्दात आहे? कवितेच्या सुरुवातीपासून आहे की नंतर येते? याची उत्तरं वाक्यात यायला हवीत. आपण ते वाक्य पुढे दुरुस्त करू. तूर्त चिठ्ठी जपून ठेवा.

रंगीत पेन्सिली घ्या

ही पायरी सगळ्यांत उपयोगाची आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. कवितेत काय आहे हे नुसतं सांगणाऱ्या वाक्याखाली निळी रेघ ओढा. कवितेतले नेमके शब्द जिथे उद्धृत केलेत तिथे हिरवी. त्या शब्दांमुळे काय घडतं, ते तसेच का आहेत, हे सांगणारं वाक्य असेल तिथे लाल. स्तुतीच्या आणि कवीच्या परिचयाच्या वाक्यांना रंगच देऊ नका.

वर्गात येणाऱ्या लेखनासारखाच एक परिच्छेद मी इथे तयार केला आहे:

‘बालकवी हे निसर्गकवी म्हणून प्रसिद्ध आहेत. ‘औदुंबर’ या कवितेत त्यांनी निसर्गाचे अतिशय सुंदर व मनमोहक वर्णन केले आहे. कवितेत हिरवाळी, झरा, चिमुकले गाव, पायवाट आणि डोह यांचे चित्रण येते. शेवटी औदुंबराचे झाड पाण्यात पाय टाकून बसलेले दाखवले आहे. येथे चेतनगुणोक्ती अलंकार वापरला आहे. त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे. वाचकाच्या डोळ्यांसमोर हुबेहूब चित्र उभे राहते.’

सात वाक्यं आहेत. पहिलं परिचयाचं. दुसरं, सहावं आणि सातवं स्तुतीचं. तिसरं-चौथं निळं. पाचव्यात अलंकाराचं नाव आहे, त्यालाही फार तर निळीच रेघ. हिरवं जवळजवळ काही नाही, कारण कवीचे शब्द अवतरण करून घेतलेले नाहीत. लाल तर औषधालाही नाही. वाचताना परिच्छेद चांगला वाटतो, चुकीचं वाक्य एकही नाही. तरीही ‘खोलात जा’ हा शेरा मिळतो तो असल्याच परिच्छेदाला. खोलात जाणं म्हणजे लाल रेघा वाढवणं, इतकं साधं उत्तर त्या मुलीला मी त्या दिवशी द्यायला हवं होतं.

तुमच्या निबंधाचं पान असं रंगवलं की ते बोलायला लागतं. सगळं पान निळं असेल तर तुम्ही कविता गद्यात उतरवून काढली आहे. हिरवं पुष्कळ आणि लाल थोडं असेल तर ओळींमागून ओळी दिल्यात, पण त्यांच्याशी बोललाच नाहीत. नुसतं लाल असेल आणि हिरवं नसेल तर कल्पना तुमच्या आहेत, कवितेचा आधार दिसत नाही. ठरावीक प्रमाण कुणी सांगू शकत नाही, पण हिरव्याच्या मागोमाग लाल यायलाच हवं, एवढं पथ्य पाळा.

लाल वाक्य आणायचं कुठून?

त्यासाठी परत कवितेकडे. वहीत दोन रकाने आखा. एकात शब्द, दुसऱ्यात त्याबद्दल दिसलेली गोष्ट. अर्थ लावायची घाई न करता नुसतं बघा. ‘औदुंबर’मधले रंग असे काढून ठेवले की काय दिसतं पाहा. हिरवाळी आहे ती तटांवर. झरा ‘निळासावळा’. शेतमळ्यांची गरदी हिरवी. पायवाट पांढरी. कुरणं हिरवी. डोह काळा. आणि मग ‘गोड काळिमा’, तो लाटांवर.

आता यादीकडे टक लावून बघा. हिरवा आणि पांढरा रंग जमिनीवरच्या गोष्टींना मिळाला आहे. सावळा आणि काळा रंग दर वेळी पाण्याला. आठ ओळींत याला एकही अपवाद नाही. आणि ज्याच्या नावाची कविता आहे त्या औदुंबराला तर रंगच दिलेला नाही. तो झाड आहे, म्हणजे जमिनीचा, पण पाय टाकून बसला आहे पाण्यात.

इथे पोहोचलात की लाल वाक्य लिहायला वेगळं बळ लागत नाही. ते यादीतूनच वर येतं: हिरव्या जमिनीचं आणि काळ्या पाण्याचं जग कवीने वेगवेगळं ठेवलं आहे, आणि दोन्हींत एकाच वेळी असलेला एकटा औदुंबर आहे.

रंगांसारखीच क्रियापदांची यादी करा. झरा वाहतो, पायवाट डोहाकडे ‘चालली’ आहे, काळिमा पसरतो. सगळं कुठे ना कुठे निघालेलं. फक्त औदुंबर ‘बसला’ आहे. चार घरांचं गाव आहे, वाट आहे, पण कवितेत माणूस एकही दिसत नाही. वाट चालते ती एकटीच, आणि बसणारं कुणी असेल तर ते झाड. तुमच्या निबंधातलं ‘चेतनगुणोक्ती अलंकार वापरला आहे’ हे वाक्य आता पुन्हा वाचा. झाड माणसासारखं बसलं आहे हे जिथे माणूसच नाही तिथे घडतं, म्हणून ते लक्षात राहतं. अलंकाराचं नाव नक्की लिहा, ते यायलाच हवं. पण त्याने इथे कोणतं काम केलं हे लिहिलं नाही तर पाटी लावून दुकान बंद ठेवल्यासारखं होतं.

लयीचंही असंच. ‘कवितेला सुंदर लय आहे’ असं लिहिलं असेल तर ‘कशावरून?’ विचारा आणि मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन. ‘ऐल तटावर’च्या ८ होतात, ‘पैल तटावर’च्याही ८. काठ दोन आणि त्यांची मापंही सारखी. झऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवलेला हा तोल कानाला ऐकू येतो. हे एवढं लिहिलंत तरी ‘सुंदर’ हा शब्द गाळता येईल.

अन्वय लावून पाहा

जुने शिक्षक कविता शिकवताना आधी अन्वय लावायला सांगत. ही सवय मोडली याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण स्वतःची चूक पकडायला याहून चांगलं साधन नाही. ज्या ओळीवर तुमचा निबंध उभा आहे ती गद्यातल्या शब्दक्रमाने मांडून बघा. ‘औदुंबर’च्या शेवटच्या दोन ओळी अशा आहेत:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

यात ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण? एक अन्वय असा की गोड काळिमा लाटांवर पसरतो. दुसरा असा की जळ झाकोळून टाकून लाटांवर गोड काळिमा पसरवणारा औदुंबरच आहे, आणि ‘असला’ म्हणजे ‘असं करणारा’. पहिल्यात झाड अंधाराच्या शेजारी बसलं आहे. दुसऱ्यात अंधार त्याच्याच सावलीचा आहे. फरक मोठा आहे. तुम्ही कोणता अर्थ धरून लिहिलंत? न कळत एक धरला असेल तर आता जाणून धरा आणि का धरला ते एका वाक्यात सांगा. दोन्ही शक्य वाटत असतील तर तसंही लिहा, परीक्षक त्याचे मार्क कापत नाही. उलट ही जागा तुम्हाला दिसली याचंच त्याला समाधान वाटतं.

‘असला’ या शब्दावर थांबलेला निबंध माझ्या हाती क्वचित आला. ‘असा’ म्हटलं असतं तर साधा निर्देश झाला असता. बोलण्यात ‘असला’ येतो तेव्हा त्यात कधी नवल असतं, कधी नापसंती, कधी ‘हे असंच असतं’ असा स्वर. इथे कोणता आहे? ओळ चार प्रकारांनी मोठ्याने म्हणून बघा. शिवाय ‘बसला’च्या पाठोपाठ ‘असला’ येतो, तो नाद कान सोडत नाही. अशा एका शब्दावर पाच ओळी लिहिता येतात. त्या पाच ओळी कुठल्याही गाईडात सापडणार नाहीत आणि म्हणूनच त्या तुमच्या.

विशेषणांची झाडाझडती

अप्रतिम, मनमोहक, हृदयस्पर्शी, मार्मिक, हुबेहूब, समर्पक, ‘वाचक मंत्रमुग्ध होतो’, ‘मन हेलावून जाते’. निबंधात हे शब्द शोधून त्यांना गोल करा. प्रत्येक गोलाजवळ ‘कशावरून?’ लिहा. उत्तर देता आलं तर ते उत्तर ठेवा आणि विशेषण काढून टाका. पहिल्या वेळी निबंध निम्मा झाल्यासारखा वाटेल. घाबरू नका, रिकामी झालेली जागा वरच्या यादीतल्या गोष्टींनी भरते.

तुमच्या म्हणण्याला आडवी येणारी ओळ

आता ती चिठ्ठी काढा. आपण लिहिलं होतं, ‘औदुंबर ही उदासीची कविता आहे.’ या वाक्याला गैरसोयीची ओळ कवितेत कुठे आहे? ती शोधणं हे तपासणीचं सगळ्यांत प्रामाणिक काम आहे. आपण सगळेच सोयीच्या ओळी उचलतो आणि उरलेल्यांकडे काणाडोळा करतो.

‘काळिमा’ हा शब्द उदासीला सोयीचा आहे. पण त्याच्या आधी ‘गोड’ आहे. मराठीत काळिमा बहुधा कुणाच्या तरी नावाला लागतो, तो गोड कसा? हे ‘गोड’ अडचणीचं आहे म्हणून पुष्कळ जण ते वगळून फक्त ‘काळिमा’ उद्धृत करतात. तसं करू नका. अडचणीच्या शब्दाला निबंधात जागा द्या, आणि चिठ्ठीवरचं वाक्यच बदला. मागे वळून बघितलंत तर दुसऱ्या ओळीतला झरा ‘निळासावळा’ होता. सावळा हा आपल्याकडे मायेचा रंग आहे, विठ्ठल सावळा असतो. म्हणजे काळेपणा शेवटी एकदम आलेला नाही आणि तो पहिल्यापासूनच परका नव्हता.

मग नवं वाक्य काहीसं असं होईल: ‘या कवितेतला अंधार दुसऱ्या ओळीपासूनच पाण्यात आहे. तो वाढत जातो, पण शेवटी भीती न दाखवता ‘गोड’ होऊन औदुंबराच्या पायाशी थांबतो.’ आधीच्या वाक्याशी ताडून बघा. हे दुसऱ्या कुठल्याच कवितेला लावता येणार नाही. चुकीचं ठरवायचं तर त्याच्याशी वाद घालणाऱ्यालाही कवितेकडेच जावं लागेल.

मुद्दा बदलला की निबंधाचे एक-दोन परिच्छेद निकामी होतात. ते जड जातं, मला माहीत आहे. रात्र जागून लिहिलेला परिच्छेद खोडताना हात थरथरतो. तरी खोडा. वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा हवं तर, पण निबंधात ठेवू नका.

कवीचं आयुष्य आणि इतरांची मतं

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले, वय अवघं २७. ही माहिती मनाला लागते, आणि म्हणूनच निबंधात ती नको तिथे शिरते. ‘काळा डोह म्हणजे कवीला लागलेली स्वतःच्या मृत्यूची चाहूल’ असं वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. ‘कशावरून?’ विचारा. अपघात कविता लिहून झाल्यावरचा. कविता लिहिणाऱ्याला तो ठाऊक असणं शक्य नव्हतं. तो प्रसंग आपल्याला माहीत आहे म्हणून आपण तो मागे नेऊन कवितेत ठेवतो. डोहात मृत्यू दिसत असेल तर जरूर लिहा, पण आधार ‘काळ्या डोहाकडे’ निघालेल्या निर्मनुष्य वाटेचा द्या, भादली स्टेशनचा नको.

औदुंबर हे दत्ताचं झाड, म्हणून ही विरक्तीची कविता, ही अशीच एक घसरण्याची जागा. हा संकेत मराठी वाचकाच्या मनात असतोच, त्यामुळे त्याचा उल्लेख चुकीचा नाही. पण कवितेत दत्ताचं नाव नाही, पादुका नाहीत. संकेताला कवितेत कुठेतरी हात धरायला मिळाला पाहिजे. पाण्यात पाय टाकून, सगळं चालू असताना स्थिर बसण्याची मुद्रा हा तो हात होऊ शकतो. तिथून बांधत गेलात तर विरक्तीचा मुद्दा उभा राहील.

समीक्षकांची मतं घेतली असतील तर प्रत्येक मताशेजारी त्यांचं नाव आहे ना ते बघा, आणि त्या मतापुढे तुमचं किमान एक वाक्य आहे ना तेही. गाईडातलं किंवा इंटरनेटवरचं वाक्य नाव न देता वहीत आलं असेल तर ते ओळखू येतं. आजूबाजूची वाक्यं वेगळ्या आवाजात बोलत असतात.

गद्य असेल तर एक जादा ताळा

कथा-कादंबरीवरच्या निबंधात ‘लेखक म्हणतो’ हे शब्द शोधा आणि दर वेळी तपासा, की खरोखर लेखक म्हणतो की निवेदक? ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमूने स्वतःची कहाणी सांगावी अशी लिहिलेली आहे. तिथे ‘हरिभाऊ आपल्या सासरच्या छळाबद्दल सांगतात’ असं तर कुणी लिहिणार नाही. पण ‘लेखक सांगतो की मला फार रडू आले’ अशी वाक्यं सहज होऊन जातात. एका पुरुषाने एका मुलीच्या तोंडून कादंबरी का सांगितली, हा मोठा प्रश्न ‘लेखक म्हणतो’ या दोन शब्दांखाली गाडला जातो. आणि कथानकाच्या सारांशाने गद्यावरचा निबंध कवितेपेक्षा लवकर निळा होतो, तेवढं सांभाळा.

परिच्छेद जागेवर आहेत का?

समासात प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा चार-पाच शब्दांत लिहा. मग नुसता समास वाचा. दोन परिच्छेदांचा मुद्दा एकच निघाला तर ते एकत्र करा. एखाद्याचा मुद्दा लिहिताच आला नाही तर त्याला निबंधात काम नाही. परिच्छेदांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल तर ते एकमेकांना जोडलेले नाहीत. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘पुढे कवी म्हणतो’ यांनी सुरू होणारे परिच्छेद बहुधा याच जातीचे असतात.

दहावीच्या मुलांची अडचण थोडी वेगळी. त्यांच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशी तीन अंगं अपेक्षित असतात आणि मुलं तीन कप्प्यांत तीन सुट्या गोष्टी भरतात. कवितेतली एखादी महत्त्वाची ओळ निवडा आणि तीच तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या बाजूंनी दाखवता येते का बघा. ‘गोड काळिमा’ आशयात अंधाराबद्दल बोलतो, काव्यसौंदर्यात विरोधाभास होतो, भाषेत ‘काळिमा’च्या रूढ वापराला छेद देतो. उत्तर आपोआप सांधलं जातं.

अवतरणं आणि शुद्धलेखन

हे सगळ्यांत शेवटी, कारण जो परिच्छेद खोडायचा आहे त्यातल्या वेलांट्या सुधारण्यात अर्थ नाही. अवतरणं पाठावरून लिहिली असली तरी पुस्तकाशी शब्दन् शब्द ताडून बघा. जुन्या छापील प्रतीत ‘निळासांवळा’, ‘जळांत’ असे अनुस्वार दिसतील आणि गोंधळ होईल. १९६२ पासूनच्या लेखननियमांनुसार उच्चार न होणारे अनुस्वार आपण देत नाही. केशवसुतांपूर्वीचं पद्य मूळ बरहुकूम छापायचं, केशवसुत आणि त्यांच्यानंतरचं आजच्या नियमांनी, असंही त्या नियमांत आहे. बालकवी केशवसुतांनंतरचे, म्हणून ‘निळासावळा’. मात्र ‘बेटाबेटातुन’मधला ‘तु’ ऱ्हस्वच ठेवा. तो वृत्तासाठी आहे, तुमचा लाल पेन तिथे चालवू नका. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘तून’ दीर्घच लिहा.

मार्क नको, वाक्य लिहा

तपासून झालं की स्वतःला दहापैकी सात वगैरे देऊ नका. त्या आकड्यावरून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून दोन वाक्यं लिहा. कुठली जागा जमली आणि कुठली जमली नाही. ‘“असला”वरचा परिच्छेद जमला. डोहाबद्दलचं वाक्य अजून ऐकीव वाटतं.’ इतकं पुरे. शिक्षकांचा शेरा आला की त्याच्याच खाली उतरवा. चार-पाच निबंधांनंतर हे पान वाचलंत तर तुमची नेहमीची चूक तुमच्याच अक्षरात समोर येईल. कुणाची ती सारांशाची असते, कुणाची विशेषणांची, कुणाची घाईघाईने उपसंहार गाठण्याची.

मैत्रिणीशी वहीची अदलाबदल करता आली तर तिच्याकडून ‘छान आहे’ हे ऐकून घेऊ नका. तिला एवढंच सांगा, की जिथे “हे कशावरून?” असं वाटेल तिथे समासात फुली मार, बाकी काही लिहू नकोस. तिने फुली मारली की समजावून सांगायला जाऊ नका. जे तोंडी समजावावंसं वाटतं ते कागदावर नाही, असा त्याचा अर्थ. तेच वाक्य तिथे लिहा.

परीक्षेत एवढा वेळ नसतो. तिथे शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि तीनच गोष्टी करा. पहिला परिच्छेद वाचून त्यात या कवितेचं म्हणून एक तरी वाक्य आहे का बघा, नसेल तर वर जागा सोडून ठेवलेल्या ओळीत लिहा. प्रत्येक अवतरणानंतर तुमचं अर्थाचं वाक्य आहे का ते बोटाने मोजा. आणि ‘सुंदर’ हा शब्द जिथे दिसेल तिथे त्याच्या पुढे ‘कारण’ लिहून वाक्य पुरं करा.